शाळा-जिल्ह्यावर सायबर हल्ला झाल्यावर नुकसान मोजायचे कसे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण कॅलिफोर्नियात राहता, आपली दोन्ही मुले तिथल्या सार्वजनिक शाळेत शिकतात आणि पालकांच्या वतीने आपण शाळा-जिल्ह्याच्या सल्लागार समितीवर आहात. सुट्टीच्या काळात जिल्ह्याच्या संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रणालीचा, हल्ला झाला. त्यानंतर घरोघर आलेल्या पत्रात ‘परिणाम मर्यादित आहे, विद्यार्थ्यांच्या माहितीचा गैरवापर झाल्याचा पुरावा आढळलेला नाही’ असे म्हटले आहे. आता परिणामाच्या मूल्यमापनाचा अहवाल समितीपुढे यायचा आहे. तो कसा वाचावा आणि त्यात काय असायला हवे, असे आपण विचारले आहे. सार्वजनिक संस्थांवरील अशा हल्ल्यांनंतर नुकसानीचा अंदाज बांधणे हेच माझे काम असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्यापैकी अनेक जण इथेच चुकतात. अमेरिकेतला शाळा-जिल्हा म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग नव्हे. तो बहुतेक राज्यांत एक स्वतंत्र स्थानिक शासनसंस्था असतो. त्याचे मंडळ लोकांनी निवडलेले असते, अंदाजपत्रक स्वतःचे असते, बसगाड्या, स्वयंपाकघरे, परिचारिका, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि काही मोठ्या जिल्ह्यांत स्वतःचे पोलीस दलसुद्धा असते. त्यामुळे एकाच संगणक-जाळ्यात दवाखान्याची, वाहतूक कंपनीची, खानावळीची, मालकाची आणि बालकल्याण यंत्रणेची कागदपत्रे एकत्र नांदत असतात. बँकेवरच्या किंवा दुकानावरच्या हल्ल्याचे नुकसान मोजण्याची ‘किती नोंदी गेल्या आणि किती पैसे गेले’ ही पद्धत इथे अपुरी पडते, ती याच कारणाने. शाळा-जिल्ह्याच्या बाबतीत खरा प्रश्न हा असतो की कोणाचे कोणते काम अडले आणि कोणाबद्दलची कोणती गोष्ट बाहेर गेली. अहवाल या दोन प्रश्नांची उत्तरे माणसागणिक देत नसेल, तर त्यातला एकूण आकडा कितीही नेमका दिसला तरी तो फारसा उपयोगाचा नाही.

पहिल्या पत्रातला ‘मर्यादित’ हा शब्द लिहिणाऱ्याने मुद्दाम फसवण्यासाठी वापरलेला असतो, असे मला वाटत नाही. मात्र पहिला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो, आणि लॉस एंजेलिस युनिफाइड या देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शाळा-जिल्ह्याचे उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे. ३ सप्टेंबर २०२२ रोजी, लेबर डेच्या जोडसुट्टीतल्या शनिवारी, तिथे हल्ला लक्षात आला. जिल्ह्याने आपल्या बऱ्याच यंत्रणा स्वतःहून बंद केल्या आणि मंगळवारी, ६ तारखेला, शाळा ठरल्याप्रमाणे उघडल्या. सहा लाखांहून अधिक खात्यांचे पासवर्ड बदलून घेणे हे त्या आठवड्यातले सर्वांत डोळ्यांत भरणारे काम होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला प्रकरण तेवढ्यावरच निभावले असे वाटले असते. महिन्याच्या अखेरीस तेव्हाचे सुपरिंटेंडेंट, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य अधिकारी, अल्बर्टो कार्व्हाल्हो यांनी खंडणी देण्यास जाहीर नकार दिला आणि ‘व्हाइस सोसायटी’ या टोळीने ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे ५०० गिगाबाइट माहिती उघड्यावर टाकली. विद्यार्थ्यांचे मानसशास्त्रीय अहवाल त्यात असल्याच्या बातम्यांचे जिल्ह्याने त्या वेळी खंडन केले. जानेवारी २०२३ मध्ये राज्याकडे दिलेल्या सूचनापत्रातून समजले की घुसखोर ३१ जुलैपासूनच, म्हणजे महिनाभराहून अधिक काळ, आत होते. ठेकेदारांच्या वेतनपत्रकांतले सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे कर आणि कर्जासाठी वापरले जाणारे सरकारी ओळख क्रमांक, हेही गेले होते. फेब्रुवारीत एका वृत्तसंस्थेने शोध घेतल्यानंतर जिल्ह्याने मान्य केले की सुमारे २,००० विद्यार्थ्यांच्या मानसशास्त्रीय मूल्यमापनाच्या नोंदी बाहेर गेल्या आहेत आणि त्यांतले ६० विद्यार्थी त्या वेळीही जिल्ह्यात शिकत होते.

ऑक्टोबरमधले खंडन आणि फेब्रुवारीतली कबुली यांमध्ये जे अंतर आहे, ते माझ्या मते तपासाच्या पद्धतीत आहे. हल्ल्यानंतर पहिली तपासणी होते ती विद्यार्थी-माहिती प्रणालीची, वेतन प्रणालीची, म्हणजे ज्या यंत्रणांना नाव आहे, मालक आहे आणि ज्यांची जिल्ह्याच्या यादीत नोंद आहे त्यांची. मानसशास्त्रज्ञाने लिहिलेला वीस पानी अहवाल मात्र बहुतेकदा वर्ड किंवा पीडीएफ फाइल म्हणून कुठल्यातरी सामायिक ड्राइव्हवर पडलेला असतो. लिहिणारी व्यक्ती निवृत्त होते, तिचे खाते बंद होते, फोल्डर तसाच राहतो. त्या फोल्डरचे नाव कोणत्याही यादीत नसते. चोराला याची काही अडचण नसते, कारण तो यादी पाहून चोरी करत नाही, जे हाताला लागेल ते उचलतो. म्हणून अहवालात मी सर्वांत आधी पाहतो ती गोष्ट ही: चोरीला गेलेल्या फाइलींची प्रत्यक्ष यादी मिळवून मोजणी केली आहे, की जिल्ह्याच्या महत्त्वाच्या यंत्रणांची यादी घेऊन ‘यांना धक्का लागलेला नाही’ असा निष्कर्ष काढला आहे? दुसरा प्रकार असेल, तर तो अहवाल यंत्रणांच्या प्रकृतीचा आहे, मुलांच्या नुकसानीचा नाही.

‘पुरावा आढळलेला नाही’ या वाक्याचेही असेच आहे. पुरावा सापडण्यासाठी आधी तो नोंदला गेलेला असावा लागतो. फाइल कोणी उघडली, किती माहिती बाहेर पाठवली गेली, कोणत्या खात्यातून प्रवेश झाला याच्या नोंदी, ज्यांना तांत्रिक मंडळी लॉग म्हणतात, त्या अनेक जिल्ह्यांत जागा आणि पैसे वाचवण्यासाठी काही आठवडेच ठेवल्या जातात, आणि सामायिक ड्राइव्हवरच्या फाइल-वाचनाची नोंद तर कित्येक ठिकाणी चालूच केलेली नसते. घुसखोरी दोन महिने चालली आणि लॉग तीस दिवसांचेच असतील, तर पहिल्या महिन्याबद्दल काहीही म्हणता येत नाही. ‘काही झाले नाही’ असे तर मुळीच नाही. समितीत आपण विचारायचा प्रश्न साधा आहे: कोणत्या यंत्रणेचे लॉग कोणत्या तारखेपासून उपलब्ध होते, आणि ज्या काळाचे लॉग नाहीत त्या काळासाठी अहवालाने काय गृहीत धरले आहे? लॉग नसलेल्या काळात त्या खात्याला जे जे पाहता येत होते ते सर्व पाहिले गेले, असे धरून चालणे मी योग्य मानतो. जिल्ह्याच्या वकिलांना हे आवडत नाही, कारण त्यामुळे पत्रे पाठवायच्या माणसांची संख्या वाढते.

आता काम अडण्याविषयी. इथे ‘शाळा किती दिवस बंद राहिली’ हा एकच मापदंड वापरण्याचा मोह होतो. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, अशा घटनांनंतर शिकण्याचे नुकसान ३ दिवसांपासून ३ आठवड्यांपर्यंत झाले आणि यंत्रणा पूर्ववत व्हायला २ ते ९ महिने लागले, असे राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगितले. या दोन मुदतींमधले अंतर पाहा. शाळेची दारे उघडल्यावरही कित्येक महिने जिल्हा लंगडत चाललेला असतो, आणि नुकसानीचा मोठा भाग त्या लंगडण्यात असतो.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की पब्लिक स्कूल्सने जानेवारी २०२२ मध्ये दोन दिवस वर्ग रद्द केले. सुमारे ७५,००० विद्यार्थ्यांचा तो जिल्हा. वर्गातले फळे आणि इमारती होत्या, शिक्षक हजर होते, धडाही शिकवता आला असता. पण हजेरी, आणीबाणीत पालकांशी संपर्क आणि कोणत्या मुलाला घरी न्यायला कोणत्या प्रौढ व्यक्तीस परवानगी आहे याची माहिती ज्या यंत्रणेत होती, ती यंत्रणाच हल्ल्यात सापडली होती. न्यायालयाने एका पालकाला मुलापासून दूर राहण्याचा आदेश दिलेला असेल, तर शाळेच्या दारावरच्या कर्मचाऱ्याला तो आदेश संगणकाच्या पडद्यावरच दिसतो. हा पडदा काळा झाला की शाळा मुलांना सुरक्षितपणे ठेवून घेऊ शकते, पण सुरक्षितपणे सोडू शकत नाही. मूल्यमापनात हे ‘विद्यार्थी-माहिती प्रणाली ४८ तास अनुपलब्ध’ अशा एका ओळीत लिहिले, तर त्या ओळीतून काहीच कळत नाही. ‘ताबा-आदेश असलेली मुले किती, त्यांना घरी सोडण्याच्या वेळी पर्यायी कागदी यादी होती का, ती किती जुनी होती’ असे लिहिले तर कळते.

याच पद्धतीने प्रत्येक कामाची साखळी शेवटच्या मुलापर्यंत ओढून पाहावी लागते. शाळेतल्या परिचारिकेकडे मधुमेही मुलाच्या इन्सुलिनचे प्रमाण आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी कागदावर होती का? बसचालकाला मार्ग आणि थांबे माहीत होते, पण त्या दिवशी बदली चालक आला असेल तर? विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत तर घड्याळ थांबतच नाही. कॅलिफोर्नियात पालकांची लेखी संमती मिळाल्यापासून ६० दिवसांत मुलाचे मूल्यमापन पुरे करून वैयक्तिक शिक्षण योजनेची बैठक घ्यावी लागते, आणि संगणक बंद होते ही सबब त्या मुदतीसाठी सहसा चालत नाही. ज्या मुलांची मुदत हल्ल्याच्या काळात संपत होती त्यांची यादी अहवालात असायला हवी, आणि बुडालेल्या वाचा-उपचाराच्या किंवा व्यवसायोपचाराच्या तासांची भरपाई कधी होणार हेही. माझ्या अनुभवात, परिणामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी मोजला जाणारा भाग याच मुलांच्या वाट्याला येतो. सर्वसाधारण वर्गातली शिक्षिका फळ्यावर गणित शिकवून दिवस निभावून नेते. बोलण्यासाठी टॅब्लेट वापरणाऱ्या मुलाला टॅब्लेट बंद पडल्यावर पर्याय नसतो.

हजेरी आणि जेवण या दोन गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण पैशाचा मोठा झरा तिथूनच वाहतो. कॅलिफोर्नियात राज्याचे अनुदान सरासरी दैनिक हजेरीवर ठरते. हजेरी नोंदली गेली नाही, तर ती बुडाली असे धरले जाऊ नये म्हणून जिल्ह्याला राज्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. शाळेच्या जेवणाची संघीय भरपाई ताटांच्या मोजणीवर मिळते आणि महिना संपल्यापासून ६० दिवसांत दावा दाखल करावा लागतो. खानावळीतले यंत्र बंद असताना ताटे हाताने मोजली होती की नाही, हे एका वाक्यात विचारून घ्यावे.

बाहेर गेलेल्या माहितीचा भाग सर्वांत अवघड, म्हणून तिथे थोडे थांबतो. मिनिआपोलिस पब्लिक स्कूल्सवर फेब्रुवारी २०२३ मध्ये हल्ला झाला. जिल्ह्याने सुरुवातीच्या निवेदनात त्याला ‘एन्क्रिप्शनची घटना’, म्हणजे माहिती कुलूपबंद होण्याची घटना, असे सौम्य नाव दिले. ‘मेडुसा’ टोळीने १० लाख डॉलर मागितले, चोरलेल्या फाइली दाखवणारी ५१ मिनिटांची चित्रफीतही टाकली, आणि पैसे न मिळाल्यावर मार्चमध्ये माहिती प्रसिद्ध केली. असोसिएटेड प्रेसच्या बातमीनुसार त्यात ३ लाखांहून अधिक फाइली होत्या: लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचे तपशील, मानसोपचारासाठी रुग्णालयात दाखल केल्याच्या नोंदी, घरात होणाऱ्या मारहाणीच्या हकिकती. ज्या सहा विद्यार्थ्यांच्या अत्याचाराच्या फाइली उघड झाल्या होत्या, त्यांच्या पालकांशी वार्ताहराने संपर्क साधला तेव्हा हे त्यांना पहिल्यांदाच कळत होते. जिल्ह्याने एक लाखाहून अधिक लोकांना कळवल्याची नोंद सप्टेंबरमधली आहे, म्हणजे हल्ल्यानंतर सुमारे सात महिन्यांची.

या सात महिन्यांमागे एक तांत्रिक कारण आहे आणि एक निवडीचे. तांत्रिक कारण असे की लाखो फाइलींमधून नावे, जन्मतारखा आणि क्रमांक काढण्याचे काम संगणक-प्रणाली आणि माणसे मिळून करतात. स्कॅन केलेल्या पानांवरचे अक्षर आधी वाचण्याजोगे करून घ्यावे लागते, हस्ताक्षरातल्या टिपणांपुढे प्रणाली हात टेकते, आणि एकाच नावाच्या चार मुली असतील तर पत्ता शोधावा लागतो. हे सारे मान्य. पण निवडीचे कारण असे की संपूर्ण यादी तयार होईपर्यंत कोणालाच कळवायचे नाही, असे ठरवले जाते. ते ठरवणे चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. फाइलींच्या झाडाची, म्हणजे फोल्डरांची आणि फाइलनावांची यादी पहिल्या काही दिवसांतच हातात येते. ‘तक्रारी’, ‘समुपदेशन’, ‘शिस्तभंग’ अशी नावे असलेले फोल्डर वेगळे काढून त्यांची माणसांकरवी आधी तपासणी करता येते आणि त्या शे-दोनशे कुटुंबांना फोन करता येतो. वेतनपत्रकातल्या हजारो जणांना दोन महिन्यांनी पत्र गेले तर फार बिघडत नाही. अत्याचाराची तक्रार केलेल्या मुलीला मात्र वर्गातल्या कोणाच्या फोनवर स्वतःची फाइल दिसण्याआधी कळायला हवे.

कायदा इथे फारशी मदत करत नाही. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींचे रक्षण करणारा १९७४ चा संघीय कायदा माहिती फुटल्यावर पालकांना कळवण्याची सक्ती करत नाही. ती सक्ती राज्याच्या कायद्यातून येते, आणि राज्याचे कायदे मुख्यतः ओळखचोरी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नावासोबत सोशल सिक्युरिटी क्रमांक, वाहन परवाना, बँक खाते, वैद्यकीय माहिती, पासपोर्ट क्रमांक अशा गोष्टी मोडतात. शिस्तभंगाची नोंद, ‘हे कुटुंब सध्या बेघर आहे’ असा शेरा, किंवा छळ करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या आईचा नवा पत्ता यांना त्यात तेवढे स्पष्ट स्थान नाही. म्हणून कायद्याने कळवणे भाग असलेल्या लोकांचा आकडा आणि खरोखर इजा होऊ शकणाऱ्या लोकांचा आकडा हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि अहवालात बहुतेकदा पहिलाच असतो. दुसरा मागून घ्यावा. लपवलेल्या पत्त्यांसाठी कॅलिफोर्नियात ‘सेफ ॲट होम’ ही सरकारी योजना आहे. त्या योजनेतली मुले जिल्ह्यात किती आणि त्यांचा खरा पत्ता कोणत्याही फाइलीत राहिला होता का, हा एकच प्रश्न विचारला तरी मूल्यमापन किती खोल गेले आहे हे लगेच उघड होते.

आपल्यासारख्या मराठी, किंवा एकूणच भारतीय, कुटुंबांसाठी यात एक वेगळी बाब आहे. शाळेत नाव घालताना आपण मुलाच्या वयाचा पुरावा म्हणून भारतीय पासपोर्टची किंवा जन्मदाखल्याची प्रत देतो, राहण्याचा पुरावा म्हणून घरभाड्याचा करार आणि विजेचे बिल देतो, आणि काही जण न मागताही व्हिसाची पाने जोडतात. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या मुलाला साधारणपणे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतो. परिणामी तपासणी करणारी प्रणाली सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या नऊ अंकी साच्यावर चालवली असेल, तर आपल्या मुलाची फाइल ‘संवेदनशील माहिती नाही’ या गठ्ठ्यात जाऊन पडते, आणि तिच्यात पासपोर्टची प्रत, आईवडिलांची नावे, जन्मस्थान व सध्याचा पत्ता असे सगळे एकत्र असते. प्रवेशाच्या वेळी स्कॅन केलेली कागदपत्रे कुठे ठेवली होती, किती वर्षे ठेवली होती आणि तपासणीत परदेशी पासपोर्टचा साचा शोधला होता का, हे आपण जरूर विचारावे. हा प्रश्न समितीतल्या दुसऱ्या कोणाला सुचण्याची शक्यता कमी आहे.

ज्या मुलांना सोशल सिक्युरिटी क्रमांक आहे, त्यांच्या बाबतीत काळाचे माप बदलते. प्रौढाच्या क्रमांकाचा गैरवापर झाला तर दोन-चार महिन्यांत बँकेचे पत्र येते. सात वर्षांच्या मुलाच्या नावावर कोणी कर्ज काढले तर ते कळते तो मुलगा अठराव्या वर्षी शैक्षणिक कर्ज मागायला जातो तेव्हा. जिल्हे देतात ती एक-दोन वर्षांची मोफत क्रेडिट-देखरेख, म्हणजे नावावरच्या कर्जांवर नजर ठेवणारी सेवा, या मुलांसाठी जवळजवळ निरर्थक आहे, कारण ज्याचा पतइतिहासच नाही त्याच्यावर देखरेख कशाची करणार? त्याऐवजी १६ वर्षांखालील मुलांची पतनोंद पालकांनी अशा नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही प्रमुख संस्थांकडे गोठवून ठेवावी, म्हणजे त्यांच्या नावावर कोणाला कर्ज काढता येणार नाही. २०१८ च्या संघीय कायद्यामुळे ही सोय विनामूल्य आहे. कागदपत्रे सहसा टपालाने पाठवावी लागतात, म्हणून बहुतेक पालक कंटाळा करतात. जिल्ह्याने शाळेत एक संध्याकाळ ठेवून अर्ज भरून घेतले, तर देखरेखीच्या कंत्राटावर होणाऱ्या खर्चापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

पैशाविषयी थोडक्यात. वर उल्लेखलेल्या संघीय अहवालात नुकसानीचा पल्ला ५० हजार ते १० लाख डॉलर दिला आहे, पण बाल्टिमोर काउंटी पब्लिक स्कूल्सवर २४ नोव्हेंबर २०२० रोजी झालेल्या हल्ल्याचा खर्च, मेरीलँडच्या शिक्षण महानिरीक्षकांनी जानेवारी २०२३ मध्ये सांगितल्याप्रमाणे, १ कोटी डॉलरच्या जवळ गेला. करोनामुळे तिथे शिक्षण पूर्णपणे ऑनलाइन चालू होते, त्यामुळे सुमारे १,१५,००० विद्यार्थ्यांचे वर्ग थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आगेमागे तीन दिवस बंद पडले. दिवस तीनच, आणि खर्च एवढा. म्हणजे बंद दिवसांवरून खर्चाचा अंदाज बांधता येत नाही. खर्च पाहताना विमा कंपनीने भरलेली आणि जिल्ह्याने भरलेली रक्कम वेगळी दाखवलेली असावी, पुढच्या वर्षी वाढणारा विम्याचा हप्ता धरलेला असावा, आणि शिक्षकांनी हजेरीपटापासून गुणांपर्यंत सारे पुन्हा भरण्यात घालवलेले तास निदान तासांच्या रूपात तरी नोंदलेले असावेत. नवे संगणक आणि नवी सुरक्षा-प्रणाली यांचा खर्च हल्ल्याच्या नावावर टाकण्याची एक सवय आहे. जे आधीच घ्यायला हवे होते ते या खात्यात येऊ देऊ नये.

मागितलेल्या खंडणीचा आकडा वर्तमानपत्रांना आवडतो, पण तो परिणामाचे माप नव्हे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीच्या शाळांकडे २०२१ मध्ये ‘काँटी’ टोळीने ४ कोटी डॉलर मागितले होते, कारण जिल्ह्याचा वार्षिक महसूल अब्जावधींचा आहे एवढेच तिने पाहिले होते; तो पैसा पगार आणि इमारतींना बांधलेला असतो, हे तिच्या गावीही नव्हते. जिल्ह्याने ५ लाखांची तयारी दाखवली, बोलणी फिसकटली आणि सुमारे २६,००० फाइली प्रसिद्ध झाल्या.

आपल्या जिल्ह्याने पैसे दिले की नाही हे आपण लिहिलेले नाही. दिले असतील आणि ‘चोरांनी माहिती नष्ट केली आहे’ असे अहवालात लिहिले असेल, तर त्या वाक्याला शून्य किंमत द्यावी. ‘पॉवरस्कूल’ या विद्यार्थी-माहिती प्रणालीच्या कंपनीवर डिसेंबर २०२४ मध्ये झालेला हल्ला पाहा. चोरलेल्या एका खात्यातून कंपनीच्या ग्राहक-साहाय्य पोर्टलमध्ये प्रवेश मिळवून असंख्य जिल्ह्यांची माहिती एकदम उचलली गेली. कंपनीने पैसे दिले, माहिती पुसतानाची चित्रफीतही तिला दाखवण्यात आली, आणि मे २०२५ मध्ये त्याच माहितीच्या आधारे निरनिराळ्या जिल्ह्यांना थेट धमक्या येऊ लागल्या. टोरोंटोच्या शाळा-मंडळाला तर कळवावे लागले की १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती यात असू शकते. या प्रकरणातून मूल्यमापनाला दोन गोष्टी जोडाव्या लागतात. एक म्हणजे, जिल्ह्याचे स्वतःचे सर्व्हर सुखरूप असले तरी ज्या कंपन्यांकडे त्याची माहिती आहे त्यांची यादी करून प्रत्येकीकडून लेखी उत्तर घ्यावे लागते. दुसरी म्हणजे, शाळा सोडून गेलेली मुले, जी आज चाळिशीत असतील, तीही बाधितांत मोडतात, आणि त्यांचे आजचे पत्ते जिल्ह्याकडे नसतात. चाळीस वर्षांची माहिती कशासाठी ठेवली होती, या प्रश्नाचे उत्तर अहवालाच्या पानांत नसते. ते बैठकीत विचारूनच मिळवावे लागते.

चोर कधी कधी जिल्ह्याला वगळून पालकांकडेही वळतात. लास व्हेगासच्या क्लार्क काउंटी शाळा-जिल्ह्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये काही पालकांना त्यांच्याच मुलांची माहिती जोडलेले ई-मेल आले. असा ई-मेल आपल्या जिल्ह्यात कोणाला आला, तर तो कोणाकडे द्यायचा हे ठरलेले नसते; पालक घाबरून तो पुसून टाकतात आणि त्यासोबत माहिती कोणत्या फाइलीतून गेली याचा दुवाही जातो. समितीने तो पत्ता या आठवड्यातच जाहीर करून घ्यावा.

शिकण्याच्या नुकसानीविषयी आपण विशेष विचारले आहे, पण तिथे मी हात आखडता घेईन. बुडालेले तास मोजता येतात, कोणत्या इयत्तेची कोणती परीक्षा पुढे गेली हे मोजता येते, बारावीच्या मुलांची गुणपत्रके महाविद्यालयांच्या मुदतीत पोहोचली का हे तर नक्कीच तपासता येते आणि तपासावेच. पण ‘हल्ल्यामुळे गणिताची पातळी इतकी घसरली’ असा आकडा कोणी दिला, तर तो कसा काढला हे विचारावे. बाकीची सारी कारणे वेगळी काढण्याइतकी माहिती एका जिल्ह्याकडे क्वचितच असते.

शेवटी कामाचे. अहवाल समितीपुढे येईल तेव्हा त्याच्या प्रत्येक निष्कर्षापुढे तो कोणत्या तारखेच्या माहितीवर आधारलेला आहे आणि किती खात्रीचा आहे, हे लिहून मागावे. ३०, ९० आणि १८० दिवसांनी त्याच कोष्टकात नवे आकडे भरून तो परत आणण्याचा ठराव करून घ्यावा, जुने आकडे न खोडता, म्हणजे अंदाज कुठे आणि किती वाढला ते दिसेल. ५०० हून अधिक विद्यार्थ्यांना किंवा कर्मचाऱ्यांना झळ बसली असेल, तर २०२३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार जिल्ह्याने राज्याच्या सायबर-सुरक्षा केंद्राला कळवणे भाग आहे. त्या सूचनेची प्रत आणि ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य विधी अधिकाऱ्याकडे, दिलेल्या नमुना-पत्राची प्रत शेजारी ठेवून पालकांना आलेल्या पत्राशी ताडून पाहावी. तीन कागदांवर घुसखोरीच्या तीन वेगळ्या तारखा असतील, तर बैठकीची सुरुवात तिथूनच करता येईल. वकील ‘हे गोपनीय आहे’ म्हणतील, आणि काही भाग खरोखरच गोपनीय असतो: घुसखोर कोणत्या वाटेने आला, कोणती भेग अजून बुजलेली नाही. पण किती मुलांच्या समुपदेशनाच्या नोंदी गेल्या आणि त्यांतल्या किती कुटुंबांशी आजवर प्रत्यक्ष बोलणे झाले, हे दोन आकडे गोपनीय असण्याचे कारण नाही. दर बैठकीत ते फळ्यावर लिहून घ्यावेत.